टाचण वहीचं शेवटचं पान

परवा पाठ टाचणाची वही तपासून घ्यायला गेलो होतो. सर नेहमी पुढून पानं उलटतात. त्या दिवशी वही उलटी त्यांच्या हातात गेली आणि शेवटचं पान उघडलं. त्यावर निळ्या पेनानं लिहिलेलं: १६ × ६ = ९६. खाली, ९६ चे ९० टक्के ८६.४, म्हणजे ८७. त्याखाली नुसता ९, आणि त्याला तीन वेळा गोल. बाजूला १२,००० × ५ = ६०,०००. त्याला दोन गोल.

"हे कितवीचं टाचण?" सरांनी विचारलं.

"सहावीचं सर. शेकडेवारी."

हसले नाहीत. लाल पेन काढलं आणि म्हणाले, "सुट्ट्या कुठंयत यात? नाताळ, संक्रांत? कामाचे दिवस धर." मग दोघांनी मिळून चार सुट्ट्या वजा केल्या. ९२ आले. ९२ चे ९० टक्के ८२.८, म्हणजे ८३. सवलत किती? पुन्हा नऊच. सरांनी पेनाला टोपण लावलं. त्यांनाही जरा वाईट वाटलं असावं.

हे गणित ऑक्टोबरच्या शेवटी मांडलं होतं. सरांनी बघितलं तोवर उत्तर लागून गेलं होतं. तरी ते पान मी फाडलं नाही, आणि आता त्याच्यावरच लिहायला बसलोय, लाईट आहे तोवर.

मी धारूर तालुक्यातला, बालाघाटाच्या माथ्यावरच्या गावचा. अंबाजोगाईला बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. दुसऱ्या वर्षात सोळा आठवडे आंतरवासिता असते, म्हणजे एका खऱ्या शाळेत रोज जायचं, पाठ घ्यायचे, टाचणं काढायची, परिपाठापासून शाळा सुटेपर्यंत तिथंच राहायचं. कॉलेजात ८० टक्के हजेरी चालते, आंतरवासितेला ९० लागते, म्हणजे शेवटच्या पानावरचे ते नऊच दिवस चुकवता येतात. नियम एनसीटीईचा, म्हणजे शिक्षक-शिक्षणाच्या केंद्रीय परिषदेचा आहे, आमच्या सरांचा नाही, त्यामुळं सरांच्या पाया पडून उपयोग नसतो. माझी शाळा गावापासून चौदा किलोमीटरवर आली. नशीबच म्हणायचं, वर्गातल्या एकाला तर दोन एसट्या बदलून जावं लागतं.

आणि गावात संध्याकाळचा वर्ग आहे. त्याबद्दल लिहायचं तर दसऱ्यापासून सुरुवात करावी लागते.

दसरा झाला की ऊसतोडीला निघालेल्यांसाठी आमच्या गावात ट्रक-ट्रॅक्टर लागायला लागतात. पत्रे, बांबू, चूल, ताडपत्री, बाजरीच्या पिठाचं पोतं, दोन शेळ्या, खुराड्यात कोंबड्या, आणि सगळ्यात वर माणसं. उचल, म्हणजे मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, उन्हाळ्यातच खर्च झालेली असते, आता ती फेडायला जायचं. कुणी कोल्हापूर-सांगलीकडं, कुणी कर्नाटकात, कुणी जवळच्याच कारखान्याला. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादम, म्हणजे मजुरांची टोळी नेणारा, माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. दिवाळीपर्यंत गाव निम्मं होतं. राहतात म्हातारी माणसं, ज्यांच्याकडं बागायत आहे ते थोडे, आणि मागं ठेवलेली लेकरं.

मीही दोन हंगाम कोपीत, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीत काढलेत. पहिलीचा अर्धा आणि दुसरीचा अर्धा. तिसरीपासून आजीनं ठेवून घेतलं. आजीला वाचता येत नव्हतं, पण माझं पुस्तक उलटं धरलेलं तिला बरोबर कळायचं. दादांची, म्हणजे वडिलांची, कंबर गेली तसं आमच्या घरचं ऊसतोडीला जाणं बंद झालं. आता अडीच एकर कोरडवाहू आहे. यंदा सप्टेंबरच्या पावसात सोयाबीन जागेवर काळं पडलं. बहिणीच्या लग्नाचं देणं अजून ऐंशी हजार बाकी आहे. एवढं पुरे.

तर वर्ग. दोन वर्षांपूर्वी मी आणि माझा एक मित्र, दोघांनी समाजमंदिरात सुरू केला. दुसरी ते आठवीची एकोणीस लेकरं, संध्याकाळी सहा ते आठ. दिवसा शाळा असते, हंगामी वसतिगृह मंजूर झालं की जेवणाचंही भागतं, रात्री झोपायला आजीआजोबाकडं. पण दिवस मावळल्यावर झोपेपर्यंतचा वेळ कुणाचाच नसतो. तेवढ्यात आम्ही पाढे, वाचन, भागाकार घ्यायचो. सात आठे विचारलं की अडणारी ही लेकरं टनाचे क्विंटल चुटकीसरशी करतात. ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्यांत किती माल बसतो ते चौथीतला पोरगा अंदाजानं सांगतो, अन् पुस्तकातली आंब्याच्या पेट्यांची उदाहरणं त्याला सुटत नाहीत. मी आंब्याच्या जागी मोळ्या घातल्या. सुटायला लागली.

यंदा मित्र पोलीस भरतीच्या तयारीला लातूरला गेला. राहिलो मी एकटा.

दिवाळीच्या पाडव्याला आईकडच्या लांबच्या मामांचा फोन आला. ते एका साखर कारखान्याच्या शेतकी विभागात आहेत. "भाचे, गाडी आहे ना? स्लिपबॉय पाहिजे. बारा हजार अन् पेट्रोल. १ तारखेपासून गाळप आहे, तीस-एकतीसला येऊन उभा राहा." गाडी म्हणजे दादांची जुनी स्प्लेंडर. हंगाम धरला पाच महिने. तोच तो ६०,००० चा आकडा.

आईला सांगितलं तर तिचं म्हणणं एकदम सरळ होतं. "नोकरी लागावी म्हणूनच शिकतोस ना? मग नोकरी लागली तर शिकायचं कशाला?"

याला उत्तर द्यायला मी बराच वेळ घेतला आणि दिलेलं उत्तर चांगलं नव्हतं. कारण बी.एड. झाल्यावरचा रस्ता तिला समजावून सांगायला गेलो की तो मलाच विचित्र वाटायला लागतो. आधी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. मग शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी, जी २०१७ ला झाली, मग एकदम २०२३ ला, मग २०२५ ला. मग पवित्र पोर्टलवर, म्हणजे शिक्षक भरतीच्या सरकारी वेबसाईटवर, पसंतीक्रम भरायचे आणि बसायचं वाट बघत. लागलंच तर तीन वर्षं शिक्षणसेवक. मानधन २०२३ मध्ये वाढवलं म्हणून निदान प्राथमिकला १६ हजार आणि माध्यमिकला १८ हजार, नाहीतर आधी सहा आणि आठ होतं. आई म्हणाली, "म्हणजे अठरा अन् बारा. सहा हजारासाठी एवढं?" दादा बाजेवर बसून ऐकत होते. ते फक्त म्हणाले, "तूच बघ." आमच्या घरात "तूच बघ" म्हणजे "मला वाटतं जावं, पण मी म्हणणार नाही."

नशिबानं आंतरवासिता १० नोव्हेंबरला सुरू होणार होती. मामांना म्हणालो, "नऊ दिवस करून बघतो, मग सांगतो." मामा म्हणाले, "कारखाना आहे, कपड्याचं दुकान नाही, घालून बघायला." पण त्यांना माणूस हवाच होता.

निघायच्या आदल्या संध्याकाळी वर्गातल्या लेकरांना सांगितलं की नऊ दिवस सुट्टी. पोरं उड्या मारत गेली. सातवीतल्या एका पोरीची आजी मात्र काठी टेकत माझ्या घरी आली. तिला वाटलं वर्ग बंदच झाला.

"आरं बाबा, तू येनार न्हाईस तर आधी सांग. मी पोरीला तिच्या मायकडं धाडून देते. सांजच्याला मी एकली कुठवर राखण करू हिची? मला दिवस बुडाला की दिसत न्हाई."

मी म्हणालो, आजी, तिचा भागाकार आता कुठं जमायला लागलाय. आजीनं माझ्याकडं असं बघितलं की मी काहीतरी वेड्यासारखं बोललोय. "त्यो जमंल कव्हातरी," ती म्हणाली. "पोरगी तेरा वर्साची हाय."

दोन वर्षं मी समजत होतो की मी गणित शिकवतो. आजीच्या लेखी तो उजेडात, चार लेकरांत, माणसाच्या नजरेखाली बसायचा दोन तासांचा ओटा होता. तो नसला की पोरगी कोपीवर. कोपीवर गेली की शाळा सुटली, आणि पुढच्या उन्हाळ्यात तिच्यासाठी स्थळ बघणं सुरू. हे आमच्याकडं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मलाच तेवढं लागलं.

मग शेजारच्या दहावीतल्या ताईला गाठलं. तिची बोर्डाची परीक्षा, तिला कशाला त्रास, पण ती म्हणाली, "मी माझा अभ्यास घेऊन बसते दादा, त्यांना पाढे म्हणायला लावते." किल्ली आणि सौरदिवा तिच्याकडं देऊन मी निघालो.

आता नऊ दिवसांबद्दल. स्लिपबॉयचं काम बाहेरून वाटतं चिठ्ठ्या वाटायचं. माझ्याकडं चार गावं होती. पहाटे साडेपाचला टोळ्यांकडं, कोणती टोळी कोणत्या फडात, म्हणजे तोडणी चालू असलेल्या कोणत्या उसात, ते बघायचं. गाडी भरली की स्लिप करायची: शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, उसाची जात ८६०३२ की २६५, लागण की खोडवा, टोळी, वाहन नंबर. यातला एक आकडा चुकला की एकाचा ऊस दुसऱ्याच्या नावावर चढतो, आणि मग दोन्ही शेतकरी तुमच्या घरी. ऊस एकदा तुटला की थांबता येत नाही, पडून राहिला तर वजनही घटतं आणि साखरही. म्हणून रात्री साडेनऊलाही फोन येतो की फडात गाडी फसलीय.

आणि दिवसभर शेतकऱ्यांचे फोन. "साहेब, मपल्या उसाला तुरा आलाय, टोळी कव्हा?" क्रम लागवडीच्या तारखेनं लागतो, यादी छापून कार्यालयाबाहेर लावलेली असते. पण यादीत एक क्रम आणि वरून येणाऱ्या फोनात दुसरा. तिसऱ्या दिवशी मी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला यादी दाखवून सांगितलं, परवा तुमचा नंबर. चौथ्या दिवशी टोळी भलतीकडंच गेली. तो माणूस मला काही बोलला नाही. बांधावर बसून राहिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

काम मला आवडलं नाही असं म्हणायला मी तयार नाही. आवडलं. सकाळचा फड, पाल्याचा वास, दहिवरानं ओले झालेले पाय, मोटारसायकलवरून चार गावं फिरणं, आणि लोक "साहेब" म्हणतात ते. चोविसाव्या वर्षी साहेब म्हणवून घ्यायला कुणाला नको असतं. पाचव्या दिवशी तर मी मनातल्या मनात बी.एड. पुढच्या वर्षावर ढकललंसुद्धा होतं.

त्याच दिवशी एका फडात गाडी भरायला उशीर होत होता. मी मुकादमाला जरा आवाज चढवून म्हणालो, "मामा, हात चालवा की, कारखान्याच्या यार्डात गाडीचा नंबर जाईल." टोळीतल्या एका बाईनं मोळी डोक्यावर घेता घेता माझ्याकडं बघितलं. आईच्याच वयाची. काही म्हणाली नाही. बांधाच्या कडेला झाडाला लुगड्याची झोळी, त्यात तान्हं, आणि झोळीला झोका देत एक दहाएक वर्षांचा पोरगा. सवयीनं विचारलं, "कितवीला आहेस रे?"

"चौथीला होतो," तो म्हणाला.

मी स्लिप फाडून ड्रायव्हरला दिली आणि पुढच्या फडाला गेलो. इथं मी काहीतरी केलं असं लिहायला आवडलं असतं. त्या गावच्या शाळेतल्या सरांना सांगायचं राहिलं, ते दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्यांनी नाव लिहून घेतलं, म्हणाले बघतो. त्यांनी बघितलं की नाही ते मला माहीत नाही, कारण तोवर टोळी पुढच्या गावाला गेली होती.

सातव्या दिवशी वाहनं कमी होती, लवकर सुटलो. साडेसातला गावात पोचलो तर समाजमंदिरात उजेड. वाटलं, चार-पाच पोरं असतील. आत सतरा. ताई खांबाला टेकून विज्ञानाचं पुस्तक वाचत होती आणि मधूनच मान वर न करता म्हणत होती, "तेराचा." आणि पोरं तेराचा म्हणत होती, माझ्या वेळी म्हणायची त्यापेक्षा मोठ्यानं. दारात उंबऱ्यावर ती आजी बसलेली, काठी आडवी टाकून, फाटकच लावल्यासारखी.

खरं सांगू का, मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण जरा वेळानं. आधी पोटात कसंतरी झालं. दोन वर्षं मी लोकांना सांगत होतो की मी नसलो तर वर्ग बंद पडेल. सात दिवसांत बंद तर पडला नाहीच, वर तेराच्या पाढ्यापर्यंत गेला होता. मी बाराला सोडून गेलो होतो.

म्हणजे नोकरी नाकारायला माझ्याकडं जे सगळ्यात चांगलं कारण होतं, तेच संपलं. आता शिल्लक काय, तर ती शेवटच्या पानावरची ९. सकाळी साडेदहा ते पाच शाळा, आणि फड पहाटे साडेपाचपासून रात्रीपर्यंत. यार्डातलं पाळीचं काम मिळतंय का तेही विचारून बघितलं. नंबर देणाऱ्याला रात्री आठ ते पहाटे चार अशी पाळी असते, पण ती दर आठवड्याला बदलते. एक आठवडा जमणार, पुढचे दोन नाही.

नवव्या दिवशी शेती अधिकाऱ्यांना भेटून सांगितलं की जमणार नाही. त्यांनी विचारलं, का. आणि मी पटकन म्हणालो, "गावात ऊसतोड कामगारांच्या लेकरांचा वर्ग घेतो साहेब, तो बंद पडतो."

त्यांचा चेहरा बदलला. चहा मागवला. म्हणाले, असली पोरं पाहिजेत. मामांची मान ताठ झाली. मी चहा प्यायलो आणि हजेरीबद्दल चकार शब्द काढला नाही. वर्ग बंद पडलेला नाही हे मी दोन दिवसांपूर्वीच डोळ्यांनी बघितलं होतं. त्यांनी जाताना सांगितलं, उसाच्या नोंदी, क्षेत्र मोजायचं काम जून-जुलैत असतं, परीक्षा झाली की या. शब्द दिला नाही, पण माझा नंबर घेतला. तो नंबर घेतला गेला तो खोट्या कारणावर, हे मामांना अजून सांगितलेलं नाही. हे ते वाचणार नाहीत, त्यांना फोनवर वाचायचा कंटाळा आहे.

नऊ दिवसांचे ३,६०० आणि पेट्रोलचे वेगळे मिळाले. आईच्या हातात दिले. तिनं मोजले, डब्यात ठेवले, आणि दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी टाचणं काढत बसलो होतो तर चहा आणून ठेवला आणि म्हणाली, "तुझ्या जागी कोण घेतलं?" मी सांगितलं, खालच्या वाडीतलं एक पोरगं, बारावी झालेलं. "बरं झालं," ती म्हणाली. "त्याच्या घरी दोन कोयते आहेत." फीचा दुसरा हप्ता कॉलेजनं जानेवारीपर्यंत थांबवलाय. ऐंशी हजार आहेत तिथंच आहेत.

आंतरवासितेत आत्तापर्यंत एकही दिवस चुकवलेला नाही. नऊच्या नऊ शिल्लक आहेत, जपून ठेवलेत, दादांच्या कंबरेसाठी. पाठ बरे होतात. शेकडेवारीचा पाठ टनावर घेतला, वजनकाटा, रिकामी गाडी वजा भरलेली गाडी. खरंतर उलटं म्हणायला हवं होतं, भरलेली वजा रिकामी. एका पोरीनं चूक काढली. सरांनी शेऱ्यात "विद्यार्थी सहभाग उत्तम" लिहिलं.

संध्याकाळच्या वर्गाला मात्र मी रोज पोचत नाही. शाळा सुटून, चौदा किलोमीटर येऊन, दुसऱ्या दिवशीची टाचणं आणि शैक्षणिक साहित्य करायचं म्हटलं की आठ वाजतात. मंगळवार आणि शुक्रवार ताई बघते, मी तिला रविवारी भूमिती शिकवतो, असा सौदा झालाय. आजी रोज असते. तिला संशय होता की पोरं घरून निघतात आणि मधेच कुठंतरी रेंगाळतात, म्हणून तिनं हजेरी सुरू केलीय. लिहिता येत नाही, तर समाजमंदिराच्या भिंतीवर चुन्यानं रेघा. प्रत्येक लेकराची एक ओळ, आलं की रेघ. कोणती ओळ कुणाची ते फक्त तिलाच कळतं.

काल सगळ्यात खाली एक वेगळी ओळ दिसली, जराशी मोठी. विचारलं, ही कुणाची?

"तुझी," म्हणाली.

मोजल्या. या आठवड्यात सहापैकी चार. जेमतेम ६७ टक्के. आणि त्यातली एक रेघ अर्धीच आहे, कारण गुरुवारी मी साडेसातला पोचलो होतो.